मंडळाचं नाव काढीन

आमच्या मंडळाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय रविवार पचत नाही. सिंगापूरला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण इथला उकाडा आणि मंडळाचे सत्कार या दोन गोष्टी अजून अंगवळणी पडलेल्या नाहीत. कुणी पीआरचा, म्हणजे नुसत्या कायम रहिवाशाचा, सिटिझन झाला, करा सत्कार. कुणाच्या पोराने अबॅकसची परीक्षा दिली, आणा शाल. आठवडाभर चांगी बिझनेस पार्कातल्या एसीत गप गुमान बसणारी ही माणसं हातात माईक आला की अशी काही फुलतात की बघत राहावं. मीही त्याच चांगीतल्या एका बँकेत अकाउंट्सला आहे, म्हणून ही मंडळी मला आतून-बाहेरून माहीत आहेत. बहुतेक सत्कार मी वडा खाऊन विसरून जाते. एक मात्र विसरलेले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

मुलगा शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला आणि आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी झाली. ती भाड्याने द्यायची ठरली, आणि आली कोण, तर बावीस-तेवीस वर्षांची एक युक्रेनची मुलगी. अंगाने काटकुळी, मान ताठ, आणि सामानात कपड्यांपेक्षा जास्त हूप, चेंडू, गदेसारखे दिसणारे दोन क्लब आणि एक लांबलचक रिबन. रिदमिक जिम्नॅस्टिक्स करणारी. लहान मुलांच्या एका खासगी जिममध्ये तिची नोकरी होती, आणि शनिवार-रविवार ती जिम तिला आमच्या मंडळाच्या जिम्नॅस्टिक्स क्लबवर शिकवायला पाठवायची. तिथली पोरं मला काकू म्हणतात म्हणून हीसुद्धा काकू म्हणायला लागली. आमचं बाकीचं बोलणं इंग्रजीत, तिचं मोडकं आणि माझं ऑफिसातलं.

आमच्या ह्यांना वाटलं होतं, परदेशी पोरगी, किचनमध्ये काय काय शिजवेल. तिने काहीच शिजवलं नाही. मी करीन ते खायची, फक्त प्रत्येक गोष्टीवर दही घालून. आमटीवर दही, पोह्यांवर दही, एकदा तर शिऱ्यावरसुद्धा. मी डोळे मिटून घेतले.

खेळाबद्दल ती आपणहून बोलायची नाही. पण मी काही गप्प बसणारी बाई नाही, खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूहळू कळलं. पाचव्या वर्षी आईने हॉलमध्ये नेऊन सोडलं. तिथली कोच पाय सरळ नसला की मांडीवर चापट मारायची, आणि सरळ असला की काहीच म्हणायची नाही, हेच कौतुक. ज्युनियर असताना ही देशाच्या संघात होती. मोठ्या गटात गेली आणि निवडीच्या स्पर्धेत चौथी आली, संघात जाणार तिघी. पुढल्या खेपेला घोटा मोडला. तो बसवून, स्क्रू घालून, पुन्हा उभी राहिली, तर युद्ध सुरू झालं. तिच्या गावाचं नाव मी फक्त बातम्यांतच ऐकलं होतं. सरावाच्या हॉलच्या काचा गेल्या, मग छप्पर गेलं, मग मुली चहूकडे पांगल्या. आई-वडील तिथेच राहिले आणि ही नोकरी मिळेल तिथे, म्हणजे शेवटी आमच्याकडे, येऊन पोचली.

आणि एवढं होऊनही बाईसाहेब थांबलेल्या नव्हत्या. तिच्या जुन्या कोचने निरोप पाठवला होता की या मोसमात एखाद्या मान्यताप्राप्त स्पर्धेतले चांगले गुण दाखव, निवडीच्या शिबिराला बोलावून घेते. त्या खेळात तेवीस म्हणजे म्हातारपण. या वर्षी जमलं तर जमलं, नाहीतर कायमचं मिटलं. तिच्या आवाक्यातली स्पर्धा एकच, सिंगापूरची खुली स्पर्धा. तिथे नाव क्लबमार्फतच द्यावं लागतं, आणि मोठ्या गटात एका क्लबची एकच खेळाडू. तिच्या जिमची नोंदणी नव्हती. आमच्या मंडळाच्या क्लबची होती. अध्यक्षांनी तिला शब्द दिला होता, सगळ्यांसमोर, "ऑफ कोर्स, तूच खेळणार आमच्याकडून!" मी तिथेच उभी होते.

मग सुरू झाला तिचा सराव. आमच्या बिल्डिंगच्या खाली, व्हॉइड डेकवर, जिथे म्हातारे चिनी अंकल सकाळी बुद्धिबळ मांडून बसतात. तिथलं छत बुटकं, त्यामुळे चेंडू उंच टाकायचा असला की बाहेरच्या कोर्टवर पळायचं, आणि तिथे वारा असला की रिबन घेऊन परत आत. मी कामाला निघायचे तेव्हा ही घामाने निथळत एका पायावर उभी, दुसरा पाय कानाशी. अंकल लोक डाव सोडून बघायचे. एकदा एकाने तिला कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणून दिली, साखरेशिवाय. आपल्या लोकांपैकी कुणाला सुचलं नसतं.

आपल्या लोकांचं सांगते ना. अध्यक्षांची बायको, जिला मी मनातल्या मनात अध्यक्षीणबाई म्हणते, शेवटपर्यंत हिला "ती रशियन" म्हणायची. आमच्या पिढीला गोरी बाई जिम्नॅस्टिक्स करताना दिसली की झाली ती रशियन. मी दोनदा सांगितलं, अहो, युक्रेनची आहे ती, रशियनांनी तिचं घर फोडलंय. तर म्हणे, "तेच ते हो, सगळं एकच ना तिकडचं." आपल्या या लोकांना कुणी मद्रासी म्हटलं तर चार दिवस ग्रुपवर धुरळा उडतो.

या अध्यक्षीणबाईंची सोळा वर्षांची लेक क्लबमध्ये यायची. पोरगी वाईट नाही. गोड आहे, आळशी आहे, हूपच्या आत बसून मोबाइल बघते. तिने तसं सरळ सांगितलंही होतं आईला, माझ्यादेखत, "मम्मी, आय डोन्ट वॉन्ट लाह, सो टायरिंग." पण त्या वर्षी ती नुकतीच मोठ्या गटात बसायला लागली होती आणि पुढल्या वर्षी तिला जेसीत, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, नामांकित ठिकाणी जायचं होतं. स्पर्धेचं सर्टिफिकेट जोडलं की वजन पडतं, असं अध्यक्षीणबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. झालं. एकदा यांच्या डोक्यात ॲडमिशन शिरली की मग दुसऱ्या कशाला जागा उरत नाही.

स्पर्धेच्या आधी दोन-तीन आठवडे ग्रुपवर पत्रिका आली. रविवारी दुपारी मंडळाचा स्नेहमेळावा, आणि त्यात आमच्या भाडेकरणीचा जाहीर सत्कार, प्रमुख पाहुणी म्हणून. फोटोही टाकला होता तिचा, पाय कानाशी असलेला. मी तिला दाखवलं तर ती गोंधळली.

"काकू, अजून तर मी खेळलेही नाही. आमच्याकडे जिंकल्यावर करतात."

"आमच्यात आधीच उरकतात," मी म्हटलं. "नंतरचा काय भरवसा?"

ती हसली, आणि मग लहान मुलीसारखी खूश झाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. जन्मभर चौथी आलेली, तिला आजवर कुणी शाल दिली नव्हती. म्हणाली, मला मराठीत बोलायचंय, दोनच वाक्यं शिकव. मी शिकवली. एक, धन्यवाद. आणि दुसरं तिने इंग्रजीत सांगितलं की मी क्लबला अभिमान वाटेल असं करून दाखवीन, त्याचं मी आपलं साधं मराठी करून दिलं: "मी मंडळाचं नाव काढीन." नाव काढणं म्हणजे काय तेही समजावलं. तिचे ड, ढ आणि ळ काही केल्या वळेनात. आठवडाभर व्हॉइड डेकवर चेंडू टाकता टाकता तिचं चाललं होतं, "मी मंदलाचं नाव कादीन, मी मंदलाचं नाव कादीन." अंकल लोकांनाही पाठ झालं असेल.

रविवारी माझी मोतिया रंगाची साडी नेसून ती आली. निऱ्या मीच काढून दिल्या. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत ती, दुसऱ्या रांगेत मी आणि आमचे हे. अध्यक्ष उठले. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, बोलताना डोळे अर्धे मिटतात. हवापाणी झालं, संस्कृती झाली, आपण सातासमुद्रापार जपलेली मराठी झाली. मग म्हणाले:

"आज आपण सन्मान करतो आहोत एका अशा खेळाडूचा, जिने स्पर्धेच्या झगमगाटातून निवृत्त होऊन, पुढच्या पिढीसाठी, आपल्याच एका मराठी मुलीसाठी, मोठ्या मनाने जागा मोकळी करून दिली आहे!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

मला आधी वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं. ह्यांच्याकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरलेला. स्टेजवर अध्यक्षीणबाईंनी तिला शाल पांघरली, हातात नारळ दिला. आपल्यात नोकरीवरून काढलं तरी नारळ दिला म्हणतात. या लोकांनी तर खराखुरा दिला, शेंडीसकट, हळदी-कुंकू लावून. तिने तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, मान खाली घालून मी शिकवला तसा नमस्कार केला, आणि माईकजवळ जाऊन अगदी खणखणीत म्हणाली:

"धन्यवाद. मी मंदलाचं नाव कादीन!"

हॉल खदखदून हसला. कुणी "किती गोड!" म्हणालं, कुणी शिट्टी वाजवली. ती मंडळाचं नाव काढायला निघाली होती, आणि मंडळाने तिचंच नाव काढून टाकलं होतं, आणि हे त्या हॉलमध्ये फक्त तिलाच माहीत नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठले.

"अहो अध्यक्ष, कोण निवृत्त झालंय?"

"बस गं, लोक बघतायत," आमचे हे पदर ओढत म्हणाले.

"बघू देत. डोळे आहेत ना त्यांना? अध्यक्ष, मी विचारतेय, कोण निवृत्त झालं?"

अध्यक्ष माईकवर हात ठेवत हसले. "वहिनी, आपण हे नंतर बोलू ना. कार्यक्रम छान चाललाय."

"कार्यक्रम गेला खड्ड्यात. तिला विचारलंत का?"

मग मी तिथूनच, उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत तिला इंग्रजीत सांगितलं, तुझ्याबद्दल आत्ता काय काय बोललं गेलं ते, शब्दन् शब्द. तिचं हसू एकदम गेलं नाही. आधी ओठांवरच राहिलं, जणू तिला अजून कळत नव्हतं ते कुठे ठेवायचं. तिने अध्यक्षांना एवढंच विचारलं, "माझी एंट्री?"

अध्यक्ष इंग्रजीत समजुतीच्या सुरात बोलायला लागले. एंट्री शुक्रवारीच बंद झाली. नाव त्यांच्या लेकीचं गेलं. तू तिला थोरल्या बहिणीसारखी. तुझं करिअर होऊन गेलंय, तिचं सुरू व्हायचंय. आणि बघ, आम्ही तुझा मान कुठे कमी केला? अध्यक्षीणबाईंनी मध्येच तोंड घातलं, "यू आर अ टीचर ना, टीचर इज मोर बिग!" मला हसावं की रडावं कळेना. माणसाला ढकलून द्यायचं आणि वर त्याच्या पाठीवर शाल घालायची, आणि पुन्हा त्यालाच विचारायचं, ऊब वाटतेय ना? ही आपली जुनी रीत. दुसरे लोक सरळ दाखवतात दार.

तिने शाल काढली. घडी घातली, कडेला कड जुळवून, जशी ती रिबन गुंडाळते तशी. नारळ त्यावर ठेवला आणि सगळं खुर्चीवर ठेवून दिलं. आवाज चढवला नाही, पण माईक अजून चालू होता.

"मला पंचांनी बाहेर काढलं होतं," ती म्हणाली. "पायाने काढलं, युद्धाने काढलं. पण त्यासाठी मला थँक यू म्हणायला कुणी लावलं नव्हतं."

आणि साडी सावरत, एकेक पायरी बघत, ती स्टेजवरून उतरली. मी तिच्यामागे निघाले. दारापर्यंत पोचतो तोच पाठीमागून घोषणा ऐकू आली की अल्पोपाहार डाव्या बाजूला आहे आणि कृपया रांगेत यावं. रांग लागलीही लगेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पर्धेच्या ऑफिसला फोन लावला. तिथली मुलगी सभ्यपणे म्हणाली, "क्लोज्ड ऑलरेडी, आंटी. क्लबने बदललं तरच, पण आता तेही नाही." मी अध्यक्षांना फोन केला तर ते मीटिंगमध्ये. ग्रुपवर मेसेज आला, 'कालच्या हृद्य सोहळ्यात भाषेमुळे थोडा गैरसमज झाला.' मी ग्रुप सोडला. संध्याकाळी कुणीतरी मला परत ॲड केलं आणि गुड इव्हिनिंगचं फूल पाठवलं. निर्लज्जपणाला काही सुमार?

मला वाटलं, आता ही क्लबचं तोंड बघणार नाही. तर शनिवारी पिशवी घेऊन तयार.

"कुठे निघालीस?"

"तिचा रिबनचा भाग कच्चा आहे."

"मरू दे की त्या कार्टीला! तू काय त्यांची बांधील आहेस?"

"काकू, पोरीने काय केलंय?" बूट चढवता चढवता ती म्हणाली. "मॅटवर आई नसते, बाबा नसतात. ती एकटीच असणार."

मी तिला डबा दिला. वर दही घातलं.

स्पर्धेला मी मुद्दाम गेले, रजा टाकून. ही मॅटच्या कडेला ट्रॅकसूट घालून गुडघ्यांवर बसलेली, तोंडात हेअरपिना, त्या पोरीचा अंबाडा घट्ट करत होती. अध्यक्षीणबाई वर गॅलरीत, दोन मोबाइल घेऊन. पोरगी गेली आणि पहिल्याच फेकीत रिबनला गाठ बसली. अशा वेळी घ्यायला कडेला दुसरी रिबन ठेवलेली असते. ही कडेवरून ओरडतेय, "दुसरी घे! दुसरी!" पण पोरीला काही सुचेना, ती बिचारी गाठ घेऊनच गाणं संपेपर्यंत फिरत राहिली. शेवटून दुसरी आली. रडत बाहेर आली ती थेट हिच्या गळ्यात. आणि अध्यक्षीणबाई खाली येऊन काय म्हणाल्या असतील? "कोचिंगच कमी पडलं हो."

बाकीच्या मुली खेळत होत्या तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती डोळे बारीक करून प्रत्येकीचे हात, पाय, पंजे बघत होती. सगळ्या झाल्यावर हळू म्हणाली, "मी दुसरी आले असते. ती निळ्या पोशाखातली माझ्याहून चांगली आहे, खरंच चांगली आहे. पण गुण पुरले असते, काकू." मी तिचा हात धरला. तो घामाने ओला होता, जणू तीच आत्ता खेळून आली होती.

त्या संध्याकाळी तिने जुन्या कोचला कळवलं. उत्तर आलं, बरं, तब्येत सांभाळ. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती खाली जायची बंद झाली. आठ-आठ वाजेपर्यंत झोपायला लागली. लिफ्टमध्ये एका अंकलने मला विचारलं, "युअर गर्ल नेव्हर कम डाऊन ऑलरेडी?" मी म्हटलं, कामात आहे. रिबन, हूप, क्लब, सगळं पलंगाखाली गेलं. जिममध्ये ती लहान मुलांना कोलांट्या शिकवायची, पगार व्हायचा, जेवायची, हसायचीसुद्धा. पण चालताना तिची मान जरा पुढे यायला लागली होती. इतरांसारखी. मला ते बघवायचं नाही.

पुढल्या वर्षी रिझल्ट लागले. एका संध्याकाळी बेल वाजली, दारात अध्यक्षीणबाई, लिटिल इंडियातून आणलेल्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन. झालं गेलं विसरलेल्या, किंवा मुळात लक्षातच नसलेल्या. लेकीला हवी ती जेसी मिळाली होती. आमची भाडेकरीण नेमकी बाहेर आली. मला वाटलं, ही तशीच मागे फिरेल. नाही फिरली. पुढे झाली, पेढा घेतला, मनापासून अभिनंदन केलं. आणि मग तिने विचारलं, अगदी शिक्षिकेने विचारावं तसं, थोडं आशेनेच, "मग रिबनचा उपयोग झाला ना?"

"छे गं!" अध्यक्षीणबाई आनंदाने म्हणाल्या. "दे डिडन्ट इव्हन आस्क! मार्कांवरच मिळाली!"

तिने हातातला पेढा परत बॉक्समध्ये ठेवला, हळूच, होता त्याच जागी, आणि आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

अध्यक्षीणबाई दाराकडे बघत राहिल्या. मग मला विचारलं, "हिला पेढे आवडत नाहीत का हो?"